रेडिओवरचं थेट गिटारवादन: घरातल्या फितींतून काय काय निघू शकतं?

मध्यमलहर (धागाकर्ता)

आकाशवाणीवर गिटार वाजवून गेलेल्या दिग्गजांची थेट प्रक्षेपणं कुठे मिळतील, हा प्रश्न इथे अधूनमधून येतोच. "अर्काइव्जमध्ये विचारा" एवढं उत्तर मिळतं आणि धागा झोपतो. या वेळी जरा तपशिलात जाऊ.

आधी हरवलं कसं ते. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. टेप रेकॉर्डर रुळेपर्यंत रेडिओवरचं वादन म्हणजे थेटच. वादक सकाळी स्टुडिओत यायचा, पंधरा-वीस मिनिटं वाजवायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री पुन्हा माइकसमोर बसायचा. हवेत गेलं ते गेलं. पुढे टेप आली, पण ती महाग. प्रसारण झालं की फीत पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही जगभरच्या रेडिओंची रीत होती. जपायचं काय ते कुणीतरी निवडायचं, आणि त्या निवडीत गायक, सतार, सरोद आधी. गिटार बिचारी पाहुणी.

तबकड्यांवर भागत नाही ते यासाठी. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. विजेच्या गिटारवर धुना वाजवणाऱ्या व्हॅन शिपलींची गिटार बहुतेकांना माहीत आहे ती या मापात कापलेली. गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांच्या एलपी आहेत, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची १९६७ ची तर घराघरांत गेली. पण आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम २० जुलै १९५२ ला सुरू झाला तो दीड तासाच्या ऐसपैस मापाचा. स्लाइड गिटारवर, म्हणजे तारेवर स्टीलची कांडी सरकवून वाजवतात त्या गिटारवर, आलाप-जोड निवांत फुलायला लागतो तेवढा वेळ तिथेच मिळायचा.

तेव्हा खरी आशा आहे ती रेडिओसमोर टेप रेकॉर्डर मांडून बसलेल्या श्रोत्यांची. साठीच्या दशकातला असेल तर स्पूल, म्हणजे उघड्या चकतीवर गुंडाळलेली फीत, सत्तरीच्या शेवटापासून पुढचा असेल तर कॅसेट. अशा फिती कुणाच्या हाती आल्या तर ओळखायच्या कशा आणि वाचवायच्या कशा, यावर लिहा. आठवणींचे कढ नकोत, त्याला वेगळे धागे आहेत.

फीतफजिती

सगळ्यात पहिलं: फीत मिळाली की लगेच लावून बघू नका. निम्म्या फिती त्या पहिल्या उत्साहात मरतात.

मुंबईच्या हवेत पहिला शत्रू बुरशी. स्पूल असेल तर गुंडाळीच्या कडा उजेडात तिरप्या धरून पाहा. कॅसेट असेल तर खिडकीतून दिसणारी गुंडाळी पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती फीत मशीनवर चढवायची नाही. हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक फितीला लागते. तोंडाला मास्क लावा, गॅलरीत जा आणि मऊ ब्रशने कडा झटका. मग धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून फीत सावकाश ओढत दुसऱ्या स्पूलवर घ्या. ओलं काहीही लावू नका.

दुसरं, स्पूलवरची फीत कशाची आहे ते ओळखा. अख्खी गुंडाळी दिव्यासमोर बाजूने धरा. उजेड आरपार झिरपला तर अ‍ॅसिटेट, काळीकुट्ट दिसली तर पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेट जुनं झालं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते सुकतं, वाकडं होतं आणि ताण पडला की कट्‌कन तुटतं. तुटणं बरं, कारण काप सरळ येतो आणि जोडता येतो. पॉलिएस्टर तुटण्याआधी शेवयांसारखं ताणतं आणि तेवढा भाग कायमचा गेला.

जोडायला सेलोटेप कधीही नाही. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे दोन पदर एकमेकांना चिकटवतो. स्प्लायसिंग टेपच हवी. खाचेच्या ठोकळ्यात ४५ अंशांत काप द्या आणि पट्टी फितीच्या मागच्या, म्हणजे आवाज साठवणारा ऑक्साइडचा लेप नसलेल्या, बाजूला लावा.

आणि ते 'फीत भाजणं'. जालावर वाचून लोक सरसकट ओव्हन तापवतात. चिकट होऊन किंचाळणारी फीत भाजतात हे खरं, पण तो रोग मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, पाठीवर काळा मॅट लेप असलेल्या काही व्यावसायिक फितींचा. पाव इंची फितीला साधारण ५४ अंश सेल्सिअसवर आठेक तास, तेही तापमान स्थिर राखणाऱ्या यंत्रात. घरगुती ओव्हनचा काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे सहज जातो. अ‍ॅसिटेट अजिबात भाजायचं नाही, कॅसेटही नाही.

लॅमिंग्टनचा_पाना

कॅसेटबद्दल थोडं.

जुन्या कॅसेटमध्ये फीत शाबूत असते, बाकीचं झिजलेलं असतं. हेडसमोर फीत दाबून धरणारी छोटी फेल्टची गादी गळून पडते. मग आवाज येतो-जातो आणि वरचे स्वर नाहीसे होतात. लोक म्हणतात फीत गेली. फीत कुठे गेली, गादी गेली! कवचाला पाच स्क्रू असतील तर उघडा, दुसऱ्या एखाद्या फालतू पण स्क्रूवाल्या कॅसेटचं कवच घ्या आणि गुंडाळ्या जशाच्या तशा त्यात बसवा. दोन्ही बाजूंचे सरकते पातळ कागद विसरू नका, नाहीतर कडा घासून फीत कुरतडली जाते. कवच चिकटवलेलं असेल तर पात्याने शिवणीवर हळूहळू फोडावं लागतं. तिथे घाई केली की पातं आत जातं.

लावण्याआधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली गुंडाळी त्याने सैल, एकसारखी होते. हेड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर मात्र नुसत्या साबणाच्या पाण्याने.

डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या सर्किटचं, बटण बंद. रेडिओ-कॅसेटवर घेतलेल्या फितीत डॉल्बी नसतेच, आणि ते चालू ठेवलं की मध्यम लहरींचा आधीच मुका आवाज घोंगडीखाली जातो.

अझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन, हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. मूळ यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल तर तुमच्या यंत्रावर वरचे स्वर मरतात. स्क्रूची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा. डावा-उजवा एकत्र करून, म्हणजे मोनोत, ऐका आणि स्क्रू एकाष्टमांश फेऱ्याहून कमी इकडेतिकडे फिरवा. निवेदकाचा 'स' आणि 'श' सर्वांत कुरकुरीत लागेल तिथे थांबा. प्रत्येक फितीला वेगळं, कधी कधी प्रत्येक बाजूला वेगळं. हे सॉफ्टवेअरमध्ये नंतर नीट होत नाही.

मशीन चोरबाजारात मिळतं, पण पट्टे वितळून काळी राब झालेले असतात. मापाचा पट्टा लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मिळतो. जुना पट्टा ताणलेला असतो, म्हणून त्याच्या लांबीवर जाऊ नका. पुलीभोवती दोरा फिरवून माप घ्या आणि त्याहून पाच-सात टक्के कमी घेराचा मागा.

चिकारी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. ७ इंची स्पूल, १८०० फुटी, खोक्यावर "गिटार, शनि. रात्र" एवढंच. स्टिरिओ डेकवर सेकंदाला ९.५ सेंमीच्या वेगाला लावला. डावीकडे गिटार आणि तबला व्यवस्थित, उजवीकडे भुताटकी. कुणीतरी रशियनसारखं बोलतंय आणि तबल्याचे बोल आत ओढले जातायत. फीत खराब आहे का?

मध्यमलहर

फीत उत्तम आहे. उजवीकडचं रशियन म्हणजे उलटा निवेदक. :)

मूळ रेकॉर्डर मोनो, अर्ध्या पट्टीचा. फितीच्या वरच्या अर्ध्या रुंदीत पहिली बाजू, मग स्पूल उलटवून खालच्या अर्ध्यात दुसरी. तुमचा डेक पाव पट्टीचा स्टिरिओ. त्याचं डावं हेड वरच्या अर्ध्यातला तुकडा वाचतं, उजवं खालच्या अर्ध्यातला. म्हणून डावीकडे पहिली बाजू सुलट आणि उजवीकडे दुसरी बाजू शेवटापासून सुरुवातीकडे. एकाच फेरीत दोन्ही उतरवा, नंतर उजवी वाहिनी वेगळी करून 'रिव्हर्स' करा. जुन्या फितीला एक फेरी कमी लागते हा फायदाच. मात्र त्या फेरीत आवाजाची पातळी दोन्हीकडे वेगवेगळी लावा.

आणि तुमच्या फितीचं गणित बघा. १८०० फूट, सेकंदाला ९.५ सेंमी, म्हणजे एका बाजूला ९६ मिनिटं. शनिवारी रात्री साडेनऊ ते अकराचा राष्ट्रीय कार्यक्रम एका बाजूला न कापता बसतो. मुद्दाम त्यासाठीच विकत घेतलेला स्पूल दिसतोय.

खटका

थांबा, आधी ते खरंच थेट वादन आहे की तबकडी, हे पाहा. विविध भारतीवर आणि इतरत्रही दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला गिटारवरच्या धुनांच्या तबकड्या सर्रास लागायच्या. व्हॅन शिपली, सुनील गांगुली, हजारा सिंग. 'दुर्मिळ थेट प्रक्षेपण' म्हणून जालावर फिरणाऱ्या कितीतरी गोष्टी त्याच आहेत.

ओळखायची सोपी युक्ती. तबकडीवर ओरखडा असेल तर 'टिक' ठरावीक अंतराने येते. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) लहर मोठी करा आणि दोन टिकांमधलं अंतर मोजा. ०.७७ सेकंद आलं तर ७८ ची तबकडी, १.३३ आलं तर ४५ ची, १.८ आलं तर ३३⅓ ची एलपी. घरच्या फितीचा वेग थोडा चुकलेला असेल तर आकडा दोन-तीन टक्के हलेल, पण तिन्हींत गल्लत होत नाही. टिक अनियमित असेल तर ती वीज, पंख्याचा रेग्युलेटर किंवा शेजारचा मिक्सर.

टिक नाही म्हणजे थेट, असंही नव्हे. केंद्राने आधी मुद्रित केलेलं असू शकतं. थेट स्टुडिओच्या खुणा वेगळ्या. निवेदन आणि वादन यांच्या मागची शांतता एकाच खोलीची वाटते, तानपुरा निवेदनाखालीच सुरू झालेला असतो, आणि वेळ संपत आली की द्रुत गत जरा घाईने तिहाईवर आणलेली असते. घड्याळाकडे बघून घेतलेली तिहाई कान देऊन ऐकली की कळते.

तरफेची_तार

वादक ओळखण्याबद्दल. निवेदन कापलं गेलं असेल तर वाद्याच्या बांधणीवरून पुष्कळ कळतं.

काब्रांचं वाद्य म्हणजे गिब्सन सुपर ४००. त्यात खर्ज-सुरासाठी जास्तीची तार आणि तारा उचलून धरणारा उंच नट बसवलेला. पोकळ लाकडी पोटाचा भरदार आवाज, सरोदच्या अंगाने जाणारी आलापी. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेत खाली १२ तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) आहेत, त्यामुळे मुख्य स्वर थांबला तरी मागे झणकार राहतो. व्हॅन शिपलींची विजेची, आठ तारांची. तिथे पोटाचा आवाजच नसतो, पिकअपचा गोल, लांब स्वर असतो.

तेव्हा स्वर सोडल्यावर शेपूट किती लांब राहते ते पाहा. लांब शेपूट म्हणजे तरफा.

खटका

असहमत, आणि ही चूक फार महागात पडते. रेडिओ-कॅसेट यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारं सर्किट असतं. जोरात आघात झाला की ते आवाज दाबतं, आणि स्वर विरायला लागला की सावकाश वर उचलतं. त्यामुळे साध्या गिटारची शेपूटही लांबच लांब वाटते. तो वाद्याचा गुण नव्हे, यंत्राची करामत. मोहनवीणा म्हणून दिलेल्या ज्या फितींचा सगळा आधार 'शेपूट लांब' एवढाच आहे, त्यांच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तरफेची_तार

मान्य, नुसत्या लांबीवर जाऊ नये. पण वेगळं करता येतं. सर्किटने उचललेली शेपूट असेल तर तिच्याबरोबर तानपुरा, खरखर, गुणगुण सगळंच वर येतं. दोन आघातांच्या मधल्या शांततेत खरखर फुगताना ऐकू येते, श्वास घेतल्यासारखी. तरफांचं तसं नसतं. वादक मींडेने 'ग' वरून 'रे' वर उतरला तरी 'ग' ची तरफ मागे वाजत राहते. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे वेळेनुसार कोणते स्वर वाजतायत ते दाखवणाऱ्या चित्रात, मुख्य स्वराची रेघ खाली वाकते आणि जुन्या जागी बारीक आडवी रेघ तशीच पुढे जाते. ती आडवी रेघ दिसली तरच तरफा म्हणा.

लॅमिंग्टनचा_पाना

वाह, हा प्रतिसाद कातरून ठेवण्यासारखा.

मध्यमलहर

आता वेग. यात सगळे अडखळतात.

घरच्या यंत्राचा वेग दोन-तीन टक्के इकडेतिकडे असतोच. तीन टक्के म्हणजे सुमारे ५० सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), सा आणि कोमल रे यांच्या साधारण मधोमध. पट्टी कोणती हे सांगणारं काही नसेल तर दुरुस्ती कशावर करायची?

५० हर्ट्झच्या गुणगुणीवर करा, असं परदेशी मंचांवर वाचायला मिळतं. आपल्याकडे ते चालत नाही. जुन्या काळी आपल्या विजेची वारंवारता भाराप्रमाणे खालीवर व्हायची, एक-दोन हर्ट्झचा फरक नवलाचा नव्हता. गुणगुण ४९ वर दिसली तर यंत्र चुकलं की वीज, हे सांगणार कोण?

त्याहून भरवशाची आहे ती रात्रीची शिट्टी. मध्यम लहरींवर रात्री दूरची केंद्रं येतात आणि शेजारच्या केंद्राची वाहक लहर आपल्या केंद्राच्या लहरीशी मिसळून बारीक शिट्टी उमटते. तिची वारंवारता म्हणजे दोन केंद्रांमधलं अंतर, आणि ते ठरलेलं. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागात हे अंतर ९ किलोहर्ट्झ. १०४४, ५५८, ११८८ हे मुंबईचे आकडे नऊने भागून पाहा, पूर्ण भाग जातो. त्याआधी अंतर १० चं होतं.

कृती अशी. आधी काहीही साफ न करता ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवा. स्टिरिओ दीड तासाला सुमारे ३.१ जीबी लागतील. स्पेक्ट्रोग्राममध्ये ८ ते ११ किलोहर्ट्झचा पट्टा मोठा करा, विंडो मोठी घ्या, १६३८४ वगैरे. केसासारखी आडवी रेघ दिसते का ते बघा. कानाला बहुधा ऐकू येत नाही, डोळ्याला दिसते. समजा ती ८७३० वर आहे. ९००० भागिले ८७३०, म्हणजे १.०३०९. वेग ३.०९ टक्के वाढवा. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड' वापरा, 'चेंज पिच' नाही. दुसऱ्यात सूर बदलतो पण लय चुकीचीच राहते.

रेघ आडवी नसून चढत गेली असेल तर मूळ यंत्र सेलवर चालत होतं आणि सेल उतरत होते. मुद्रण सावकाश होत गेलं, म्हणून आज वाजवताना सूर चढत जातो. तिथे एका आकड्याने भागत नाही, 'टाइम ट्रॅक' घेऊन दर पाच मिनिटांनी बिंदू बसवावे लागतात.

आवाज साफ करणं सगळ्यात शेवटी, आणि तेही प्रतीवर. खरखर काढण्याच्या नादात ही शिट्टी, तरफांची रेघ, तबकडीची टिक असे सगळे पुरावे पुसले जातात. स्टीलच्या कांडीची तारेवरची बारीक सरसरही जाते, आणि ती गेली की स्लाइड गिटार आणि सिंथेसायझर यात फरक उरत नाही.

फीतफजिती

आणखी एक खूण. मुंबईत बसून मुंबई केंद्र घेतलं असेल तर आवाज स्थिर हवा, मालाडचं प्रक्षेपण शहरात दणदणीत येतं. आवाज हेलकावे खात येतजात असेल, मध्येच पोकळ होत असेल, तर केंद्र दूरचं आहे किंवा दुरून येणारा कार्यक्रम मुंबईने लघुलहरींवर उचलून सहक्षेपित केलाय.

खटका

अवांतर, पण 'आपल्याकडेच असं' म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत आर्कान्सामधल्या हेलेना गावच्या केएफएफए केंद्रावर नोव्हेंबर १९४१ पासून ब्लूज गायक सनी बॉय विल्यमसन आणि गिटारवर रॉबर्ट लॉकवुड ज्युनिअर दुपारच्या कार्यक्रमात थेट वाजवायचे. दक्षिणेतले कितीतरी गिटारवादक ते ऐकून शिकले, आणि त्या सुरुवातीच्या वर्षांचं जवळपास काही हाती नाही. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. त्याचं मोकळं, लांबलचक वादन आज ऐकता येतं ते जेरी न्यूमन नावाच्या विद्यार्थ्याने मे १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मिंटन्स क्लबमध्ये तबकड्या कापायचं यंत्र नेलं म्हणून. तेही रेडिओने नाही, हौशाने वाचवलेलं.

चिकारी

शिट्टी सापडली! डाव्या वाहिनीत ९७२० वर, बाजूच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट. नऊची धरू की दहाची?

मध्यमलहर

दहाची. नऊची धरली तर वेग आठ टक्के चुकलेला निघेल, आणि तेवढी चूक असती तर निवेदकाचा आवाज ऐकताच कळली असती. दहाची धरून १०००० भागिले ९७२०, म्हणजे १.०२८८. वेग २.८८ टक्के वाढवा. आणि फीत २३ नोव्हेंबर १९७८ च्या आधीची, हे फुकटात कळलं.

आता तारीख. आकाशवाणीचं कार्यक्रमपत्रक, आधीचं 'द इंडियन लिसनर', १९५८ पासून 'आकाशवाणी', यात दिवसवार वेळ, वादक आणि बऱ्याचदा रागही छापलेला असतो. जुने अंक जालावर चढवलेले आहेत, काही मोठ्या ग्रंथालयांत बांधीव खंड मिळतात. फक्त शनिवार, साडेनऊ, गिटार एवढंच चाळायचं. पण छापलेला कार्यक्रम ऐनवेळी बदलायचा, म्हणून राग जुळल्याशिवाय तारीख पक्की समजू नका. नाव लागत नसेल तर मुंबईतल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींना विचारा, निदान तबकडी असेल तर ती तिथे लगेच ओळखली जाते.

जालावर चढवण्याची घाई नको. प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांनी संपतो, पण कलाकाराचा हक्क ५० वर्षांचा आहे.

फीतफजिती

आणि उतरवून झालं म्हणून स्पूल टाकू नका हो. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजून पुन्हा निळी करून घ्यायची. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहते का ते बघायला छोटं मीटर टाका. स्पूल उभा ठेवा, आडवा नाही. गुंडाळी शेवटपर्यंत सरळ वाजवून तशीच ठेवायची, मागे फिरवायची नाही. जलद गुंडाळलेल्या फितीच्या कडा वरखाली राहतात आणि तिथेच आधी बुरशी धरते.

चिकारी

तसंच ठेवतो. उजवी वाहिनी सुलट करून आत्ता ऐकली. दुसऱ्या बाजूलाही गिटारच आहे, सुरुवातीचं निवेदन अर्धं कापलेलं. "...यांचं गिटारवादन. राग बागेश्री, तबल्यावर साथ..." आणि पुढे लगेच तानपुरा. तरफांची रेघ दिसत नाही. टिकही नाही. पत्रकात शनिवार, गिटार, बागेश्री शोधायला घेतो.